लोखंडी सायकल, अलॉय सायकल

हल्ली सायकलच्या दुकानात गेलं की विक्रेता किंमत सांगायच्या आधी एक वाक्य ऐकवतो, "अलॉय आहे मॅडम, लोखंड नाही." त्या 'लोखंड नाही'मध्ये लोखंड म्हणजे जुनं, जड आणि गरिबाचं असा सूर असतो. उलट आमच्या बाबांच्या वयाच्या कुणालाही तीच सायकल दाखवा. ते फ्रेमवर टिचकी मारतील आणि म्हणतील, "हे काय, जर्मनचं पातेलं! चार दिवस टिकायचं नाही."

या दोघांचं ऐकून गोंधळलेली नात्यागोत्यातली माणसं मग मला फोन करतात. कारण उद्यमबागेतल्या एका फौंड्रीच्या प्रयोगशाळेत मी 27 वर्षं काढली. धातूचा तुकडा कापायचा, घासून आरशासारखा करायचा, सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा आणि एखादा भाग तुटून परत आला की तो का तुटला ते शोधायचं, हेच माझं काम होतं. गेल्या वर्षी स्टील की ॲल्युमिनियम हा प्रश्न आमच्याच घरात आला आणि तो नुसता आवडीनिवडीचा उरला नाही. घरात मुलं सायकल चालवत असतील तर त्यातलं थोडं तुम्हालाही उपयोगी पडेल म्हणून हे लिहिते आहे.

आधी शब्दांचा घोळ निस्तरू. 'अलॉय' म्हणजे मिश्रधातू. स्टीलही मिश्रधातूच आहे, लोखंड आणि कार्बनचा. दुकानदार ज्याला अलॉय म्हणतो तो ॲल्युमिनियमचा मिश्रधातू. बहुतेक वेळा 6061 नावाचा, ज्यात थोडं मॅग्नेशियम आणि सिलिकॉन असतं. आणि इथे स्टील म्हणते ते स्वयंपाकघरातलं स्टेनलेस नव्हे. सायकलच्या नळीचं साधं, रंग उडाला की गंजणारं स्टील.

बेळगावकरांना हा विषय परका नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या उद्योगाची सुरुवात आपल्याच गावात झाली, 1888 साली, आणि ती सायकलच्या दुकानाने. त्यांच्या नावाचा किर्लोस्कर रोड आजही आपण रोज तुडवतो. पुढे त्यांनी लोखंडी नांगर केला तेव्हा शेतकऱ्यांची समजूत होती की लोखंडाने जमीन नासते, आणि पहिले नांगर खपायला फार वाट बघावी लागली. म्हणजे आज 'लोखंड ते लोखंड' म्हणणाऱ्यांचेच पणजोबा एके काळी लोखंडाला नाकं मुरडत होते. दुसऱ्या बाजूला ॲल्युमिनियमही आपल्याला घरचंच. कोल्हापूर जिल्ह्यातल्या सह्याद्रीच्या पठारांवरचं बॉक्साइट बेळगावच्या कारखान्यात यायचं आणि त्याचा ॲल्युमिना व्हायचा. आपल्याकडे एका रस्त्याचं नावच बॉक्साइट रोड आहे. फौंड्रीच्या भट्ट्या एका अंगाला आणि ॲल्युमिना दुसऱ्या अंगाला अशा गावात आपण वाढलो.

आमच्या बाबांची सायकल काळी, 22 इंची, 1974 सालची. शहापूरहून उद्यमबागेत कामावर जायला घेतलेली. वजन 20 किलोच्या वरच. दोन दांड्या जिथे मिळतात तिथे लोखंडी सांधे, त्यात नळ्या बसवून वितळलेल्या पितळेने जोडलेल्या. त्या सायकलवर बाबांनी आम्हा दोघा भावंडांना शाळेत सोडलं, गव्हाचं पोतं गिरणीत नेलं आणि एकदा चक्क शिवणयंत्र आणलं. 1983 साली ती बैलगाडीच्या चाकात गेली. पुढचा चिमटा वाकला, खालच्या नळीला बाक आला. बाबांना खरचटलं, बाकी काही नाही. मेकॅनिकने चिमटा शेगड्यावर धरून सरळ केला, नळी गरम करून बाक काढला, आणि तिसऱ्या दिवशी बाबा पुन्हा कामावर.

म्हणून मी लोखंडाची भक्त आहे असं समजू नका. 1989 च्या पावसाळ्यात याच सायकलची मागची खालची नळी आतून गंजून भोकाळली. बेळगावचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. सीटच्या नळीतून पाणी आत जातं आणि पायडलच्या कप्प्यात साठून राहतं. बाहेरून रंग चकचकीत, आत नळी कागदासारखी. मेकॅनिकने कुजलेला भाग कापला, आत पोलादी तुकडा घातला आणि पितळेचा डाग दिला. तो डाग आजही दिसतो. स्टील दमत नाही, पण कुजतं. ज्यांचे नातेवाईक गोव्यात समुद्राकाठी राहतात त्यांनी खारा वारा सायकलचं काय करतो ते पाहिलंच असेल.

आता दुसरी सायकल. माझ्या भावाचा मुलगा दहावी पास झाला म्हणून भावाने त्याला गिअरची माउंटन बाइक घेतली. ॲल्युमिनियमची, जाड नळ्यांची, झगझगीत निळी. बाबांनी ती एका हाताने उचलली आणि काही बोलले नाहीत. त्यांच्या दृष्टीने हे मोठंच कौतुक. भाच्याने मात्र मला विचारलं, "आत्या, ॲल्युमिनियम हलकं, तर मग नळ्या इतक्या जाड का?"

प्रश्न बिनतोड होता. ॲल्युमिनियमचं वजन स्टीलच्या साधारण एक तृतीयांश: एका घन सेंटिमीटरला 2.7 ग्रॅम, स्टीलचं 7.85. पण ताठपणाही तितकाच, एक तृतीयांश. म्हणजे स्टीलच्याच मापाची नळी ॲल्युमिनियमची केली तर ती तिप्पट हलकी होईल, पण तिप्पट लवेलही. पायडल मारताना सायकल झोपाळ्यासारखी हलेल. यावरचा उपाय भूमितीत सापडतो. पातळ पत्र्याच्या नळीचा व्यास वाढवला की तिचं वजन व्यासाच्या प्रमाणात वाढतं, पण वाकण्याला होणारा विरोध व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. ॲल्युमिनियमची नळी दीडपट रुंद करा, पत्रा तेवढ्याच जाडीचा ठेवा. ती स्टीलच्या नळीइतकी, किंबहुना किंचित जास्तच ताठ होते आणि वजन निम्मं राहतं. प्रत्यक्षात पत्रा थोडा जाड ठेवावा लागतो, नाहीतर खरोखरच जर्मनच्या पातेल्यासारखे पोचे येतील. त्यामुळे फायदा निम्म्याइतका होत नाही, पण होतो.

अमेरिकेत गॅरी क्लाइन या तरुणाने 1970 च्या दशकात एमआयटीत शिकताना हे जाड नळ्यांचं गणित सायकलवर करून पाहिलं. 1983 मध्ये कॅननडेल कंपनीने अशी सायकल बाजारात आणली. 1998 साली मार्को पंतानीने टूर द फ्रान्स जिंकली ती ॲल्युमिनियमच्या बियांकीवर. पुढे शर्यतीच्या सायकली कार्बन फायबरच्या झाल्या, पण तोवर ॲल्युमिनियम तुमच्याआमच्या दुकानापर्यंत पोचलं होतं.

भाच्याला एक गोष्ट मी तेव्हाच सांगितली. स्वस्त सायकलीत 'अलॉय'मुळे वाचलेलं वजन किलो-दीड किलोचं असतं, आणि पुढचा स्प्रिंगचा जड चिमटा ते परत खाऊन टाकतो. 'स्टील मऊ चालतं, ॲल्युमिनियम हाडं खिळखिळी करतं' हेही बरंचसं ऐकीव. टायर किती रुंद आणि त्यात हवा किती, यावर बसणाऱ्याचं सुख फ्रेमच्या धातूपेक्षा कितीतरी जास्त ठरतं.

दोन वर्षं ती सायकल चालली म्हणजे अगदी घासून निघाली. शाळा-कॉलेज हे निमित्त. खरी चालायची ती रविवारी यळ्ळूरच्या राजहंसगडावर, नाहीतर देवरवाडीच्या वैजनाथाच्या डोंगराकडे. उतारावर पायवाटेने खाली यायचं, दगडावरून उडी घ्यायची, मित्राने मोबाइलवर चित्रण करायचं. गेल्या वर्षी पावसाळा संपताना या मुलांनी बेत केला: आंबोलीपर्यंत 70 किलोमीटरच्या आसपास, रात्री मुक्काम, आणि दुसऱ्या दिवशी घाट उतरून सावंतवाडी.

निघायच्या आदल्या रविवारी तो अंगणात सायकल धूत होता. मी शहापूरला बाबांना भेटायला गेले होते. सायकल उलटी ठेवलेली, चाकं वर. खालची जाड नळी जिथे हँडलच्या नळीला जोडली जाते तिथे, वेल्डिंगच्या अगदी कडेला, रंगात एक केसाएवढी रेघ दिसली. भाचा म्हणाला, "ओरखडा आहे तो." भाऊ म्हणाला, "रंग उडाला असेल." मी बोटाचं नख फिरवलं. ओरखड्यात नख एका दिशेने अडकतं. इथे ते दोन्ही बाजूंनी अडकत होतं.

अशा वेळी वाद घालण्यापेक्षा तपासणं सोपं. आमच्या कारखान्यात तडे शोधायची एक साधी पद्धत होती, ओतकाम वापरायला देण्याआधीची. फवारणीचे तीन डबे असतात. मी ते मागवून आणले. रेघेभोवतीचा रंग पॉलिश पेपरने काढला, धातू स्वच्छ केला, त्यावर लाल रंगाचं पातळ द्रव फवारलं आणि दहा-पंधरा मिनिटं थांबले. ते द्रव बारीकातल्या बारीक फटीत शिरतं. मग वरचं सगळं पुसून काढायचं आणि पांढरी पावडर फवारायची. तडा नसेल तर पांढरं पांढरंच राहतं. असेल तर आत शिरलेलं लाल द्रव पावडर शोषून घेते.

आम्ही तिघं बघत उभे होतो. बाबा खुर्चीवरून बघत होते. हळूहळू पांढऱ्यावर लाल रेघ उमटली. नळीच्या खालच्या अंगाने, वेल्डिंगला समांतर, जवळजवळ 4 सेंटिमीटर. कुणी काही बोललं नाही. आंबोलीचा घाट उतरताना ती नळी सुटली असती तर पुढचं चाक हँडलसकट वेगळं झालं असतं. भाऊ आत जाऊन पाणी पिऊन आला.

हे का झालं हे समजून घेण्यासारखं आहे. एकोणिसाव्या शतकात जर्मनीतल्या ऑगस्ट व्हॉलर या रेल्वे इंजिनिअरला असंच कोडं पडलं होतं. आगगाडीच्या चाकांचे आस पुरेसे भक्कम असूनही काही काळाने अचानक तुटायचे. त्याने यंत्रावर आस फिरवून फिरवून तोडले आणि दाखवलं की एका दणक्यात जो भार धातू सहज पेलतो, त्याहून पुष्कळ कमी भार लाखो वेळा आला तर तोच धातू तुटतो. यालाच धातूचा थकवा म्हणतात. तार पुढेमागे वाकवून आपण तोडतो, त्याचंच हे मंद रूप.

या थकव्याच्या बाबतीत दोन धातूंचा स्वभाव वेगळा आहे. स्टीलला एक मर्यादा असते. ताण त्या मर्यादेखाली राहिला तर तो कितीही वेळा येऊ दे, स्टीलला काही होत नाही. साध्या स्टीलमध्ये ही मर्यादा त्याच्या एकूण ताकदीच्या निम्म्याच्या आसपास असते. ॲल्युमिनियमला अशी मर्यादा नाही. प्रत्येक हादरा, अगदी लहानसुद्धा, कुठेतरी जमा होतो. बाबा किराणा दुकानाच्या वहीची उपमा देतात ती इथे लागू पडते: स्टील चिल्लर उधारी माफ करतं, ॲल्युमिनियम आठ आणेसुद्धा लिहून ठेवतं.

याचा अर्थ ॲल्युमिनियमची फ्रेम तुटणारच असा नव्हे. हे मी भाच्याच्या आजोबांनाही सांगितलं, कारण ते "मी म्हणत होतो" असं म्हणायच्या तयारीत होते. हिशेब लिहिला जातो हे खरं, पण वही किती जाड ठेवायची हे फ्रेम बनवणारा ठरवतो. नळ्या पुरेशा रुंद, सांध्याजवळ पत्रा जास्त जाड, वेल्डिंग नीट, मग ती वही माणसाच्या आयुष्यात भरत नाही. 1997 साली जर्मनीत 12 उत्तम फ्रेम यंत्रावर चढवून थकवून पाहिल्या. शेवटपर्यंत न तुटलेल्या तिघींमध्ये दोन ॲल्युमिनियमच्या होत्या आणि एक कार्बनची. स्टीलची एकही नव्हती. त्या स्टीलच्या फ्रेम शर्यतीसाठी फार बारीक केलेल्या होत्या. धातूचा स्वभाव एक, आणि त्याला ओळखून केलेली रचना दुसरी. भाच्याची सायकल रस्त्यासाठी आणि साध्या कच्च्या वाटेसाठी केलेली होती, उड्यांसाठी नव्हे. तिच्या माहितीपत्रकात ते बारीक अक्षरात लिहिलेलंही होतं. दुकानदाराने विकताना उड्या मारणाऱ्या मुलाचंच चित्र दाखवलं होतं, ही गोष्ट वेगळी.

आता दुरुस्ती. भावाचं म्हणणं होतं, "वेल्डिंग मारून घेऊ, दोनशे रुपयांचं काम." बाबांच्या सायकलचा अनुभव त्याच्या डोक्यात होता. आम्ही फ्रेम घेऊन तिसऱ्या रेल्वे गेटकडे एका वेल्डरकडे गेलो. चांगला हात असलेला माणूस; ॲल्युमिनियमचं कामही करतो. त्याने लाल रेघ पाहिली, फ्रेम दोनदा फिरवली आणि म्हणाला, "ताई, डाग देतो की. पैसे बी घेतो. पर पोराला ह्याच्यावर बसवू नकासा."

त्याला कारण माहीत नव्हतं, अनुभव माहीत होता. कारण असं आहे. 6061 ला ताकद येते ती उष्णतेच्या संस्कारातून. वेल्डिंग झाल्यावर अख्खी फ्रेम भट्टीत 530 अंश सेल्सिअसच्या आसपास तापवतात, झटक्यात थंड करतात आणि मग 170 अंशांच्या आसपास काही तास ठेवून मुरवतात. ढोकळ्याला वाफ कमी पडली तर मध्ये कच्चा राहतो, तसं यातलं एक पाऊल चुकलं की धातू कच्चा. तयार फ्रेमवर पुन्हा वेल्डिंग केलं की त्या जागेजवळचा संस्कार पुसला जातो आणि ताकद निम्म्याच्या आसपास उतरते. म्हणजे जिथे ताण सगळ्यात जास्त, तिथेच धातू सगळ्यात मऊ. शिवाय ॲल्युमिनियम 660 अंशांना वितळतं, पण त्याच्यावरचा ऑक्साइडचा पापुद्रा 2000 अंशांच्या वर. आणि वितळण्याआधी ते लाल होऊन सूचनाही देत नाही. स्टीलच्या फ्रेमला पितळेचा डाग 900 अंशांच्या आसपास बसतो, धातू लालबुंद होऊन कारागिराला सांगत असतो, आणि साध्या स्टीलचं त्यात फारसं बिघडत नाही. म्हणून स्टीलची सायकल खानापूरच्या पुढच्या एखाद्या खेड्यातही दुरुस्त होते.

माझ्या मते या दोन धातूंमधला खरा फरक इथे आहे. सायकल किती किलोची हा प्रश्न दुकानात विचारला जातो. ती मोडताना कशी मोडेल, आधी सांगेल का, आणि मोडली तर आपल्या गावात कोण जोडेल, हे प्रश्न कुणी विचारत नाही. बाबांची सायकल बैलगाडीखाली वाकली. वाकलेली दिसली, म्हणून दुरुस्त झाली. स्टीलसुद्धा तडकतं, नाही असं नाही, पण त्याचा तडा बहुधा हळू वाढतो, सायकल कुरकुरते, वाकडी चालू लागते. ॲल्युमिनियमची सायकल रविवारी सकाळी दिमाखात उभी होती आणि आतून 4 सेंटिमीटर सुटलेली होती.

कंपनीने उड्यांची खूण पाहून वॉरंटी नाकारली. फ्रेम भंगारात गेली. भंगारवाल्याने लोखंडापेक्षा कितीतरी चांगला भाव दिला, हा ॲल्युमिनियमचा एक मोठा गुण. बॉक्साइटपासून नवा धातू करायला जी ऊर्जा लागते, तिच्या जेमतेम 5 टक्क्यांत भंगारातलं ॲल्युमिनियम पुन्हा कामाला लागतं. त्या निळ्या फ्रेमचं आता कुठेतरी खिडकीची चौकट झाली असेल किंवा पातेलं.

भाच्याची समजूत काढणं सोपं नव्हतं. आंबोलीला जाणारे बाकीचे चौघं गेले, तो घरी राहिला. दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी आला आणि म्हणाला, "आत्या, मोटरसायकलच्या शर्यतीतले तर केवढ्या उड्या मारतात. त्यांच्या फ्रेम कशाच्या?" त्याला पुढेमागे डर्ट बाइक घ्यायची आहे, कोल्हापूरच्या शर्यती पाहून आल्यापासून तो त्याच नादात आहे.

त्याच्यासाठी म्हणून मी ते शोधलं आणि मलाच मौज वाटली. 1997 साली होंडाने सीआर 250 आर ही मातीतल्या शर्यतीची गाडी ॲल्युमिनियमच्या फ्रेमवर बाजारात आणली. तोवर सगळ्या स्टीलच्या. फ्रेम हलकी आणि भक्कम होती, पण चालवणाऱ्यांची तक्रार भलतीच: फार ताठ! उडीवरून खाली आल्यावर फ्रेम जरा लवली नाही की सगळा दणका मनगटात जातो आणि वळणावर चाक जमीन सोडतं. होंडाने 2000 साली आणि पुन्हा 2002 साली फ्रेम नव्याने आखली, तीत मुद्दाम लवचिकपणा आणला. 2006 च्या आसपास चारही जपानी कंपन्या ॲल्युमिनियमवर गेल्या. ऑस्ट्रियाची केटीएम मात्र क्रोमियम आणि मॉलिब्डेनमच्या स्टीलवर ठाम राहिली. रायन डंजी याने 2015, 2016 आणि 2017 अशी लागोपाठ तीन वर्षं अमेरिकेतली सुपरक्रॉसची अजिंक्यपदं त्याच स्टीलच्या गाडीवर मिळवली. त्याआधीचं 2010 चं त्याचं अजिंक्यपद सुझुकीवरचं, म्हणजे ॲल्युमिनियमवरचं. एकच स्वार, दोन्ही धातू.

आपल्याकडे कच्च्या रस्त्यासाठी विकल्या जाणाऱ्या हीरो एक्सपल्स आणि रॉयल एनफिल्डची हिमालयन, या दोन्हींच्या फ्रेम स्टीलच्याच आहेत. त्यात किंमत आहेच. पण ज्या रस्त्यांवर त्या जायच्या, तिथे गॅस वेल्डिंगवाला सापडतो, उष्णता-संस्काराची भट्टी सापडत नाही. शर्यतीतल्या संघाकडे दुसरी फ्रेम गाडीत तयार असते. चोर्ल्याच्या जंगलात आपल्याकडे ती नसते.

हे सगळं बोलून झाल्यावर भाच्याने स्वतः ठरवलं. त्याला उड्यांपेक्षा लांब जायचं होतं: आंबोली, गोवा, पुढे जमलं तर गोकर्ण. त्याने पुण्याहून क्रोम-मॉलीची स्टील फ्रेम मागवली आणि जुन्या सायकलचे जमतील ते भाग तिच्यावर चढवले. क्रोम-मॉली म्हणजे बाबांच्या सायकलचं स्टील नव्हे. ताकद बरीच जास्त, म्हणून नळ्या पातळ ठेवता येतात. इंग्लंडच्या रेनॉल्ड्स कंपनीने 1935 साली 531 नावाच्या अशाच उत्तम स्टीलच्या नळ्या काढल्या होत्या आणि त्यावर पिढ्यानपिढ्यांनी शर्यती जिंकल्या. भाच्याची सायकल आधीपेक्षा किलोभर जड झाली. नोव्हेंबरमध्ये तो आंबोलीला जाऊन, घाट उतरून आला. आजोबांनी निघताना त्याला सीटची नळी उघडून आत तेल सोडायला लावलं, गंजू नये म्हणून.

आणि मी माझ्यासाठी सायकल घेतली ती ॲल्युमिनियमची. माझं वय 59, टिळकवाडीत दुसऱ्या मजल्यावर राहते, जिन्यातून रोज सायकल वर न्यायची असते, गुडघ्यांची कुरकुर आहे. मी उड्या मारणार नाही. भाजी, बँक आणि सकाळी कॅम्पातून एक फेरी. माझ्या वहीत लिहिले जातील ते हादरे इतके किरकोळ आहेत की ती सायकल माझ्यामागे भाच्याच्या मुलांना मिळेल. बाबा म्हणाले, "लोखंडवाल्याची पोर शेवटी जर्मनवर गेली."

तुमच्या घरी सायकल घेताय तर चार गोष्टी लक्षात ठेवा. सायकल कोण, कुठे आणि कशी चालवणार ते आधी ठरवा, मग धातू. मूल डोंगरावर जाणार असेल तर 'उड्यांसाठी चालेल का' हे दुकानदाराकडून तोंडी नव्हे, कंपनीच्या कागदावर बघून घ्या. स्टीलची असेल तर पावसाळ्यानंतर सीटची नळी काढून उलटी करा, पाणी पडू द्या, आत तेल सोडा. रंग उडाला तिथे लगेच रंग लावा. ॲल्युमिनियमची असेल तर महिन्यातून एकदा धुवा, आणि पुसताना हँडलखालचा सांधा, सीटखालचा सांधा आणि पायडलभोवतीचा सांधा नखाने तपासा. रंगात केसाएवढी रेघ दिसली आणि ती वेल्डिंगच्या कडेने जात असेल तर कुणी कितीही 'ओरखडा' म्हणो, त्या सायकलवर कुणाला बसू देऊ नका.

मुलांनाही हे बघायला शिकवा. भाचा आता मित्रांच्या सायकली उलट्या करून सांधे तपासत असतो. गेल्या महिन्यात त्याला एका मित्राच्या सायकलवर अशीच रेघ सापडली. फवारणीचे डबे न्यायला तो माझ्याकडे आला होता. तपासणीत पांढऱ्यावर काहीच उमटलं नाही. तो खरोखरच ओरखडा निघाला.